तांदळाच्या डब्यावरचा शिलालेख

सामंतकाका, तुमच्या खोलीतल्या तांदळाच्या डब्याचं झाकण सध्या माझ्याकडे आहे. अल ऐनच्या माझ्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलंय. गेले नऊ दिवस मी त्याच्याशेजारी बसून जेवते आणि जेवता जेवता तुमच्याशी भांडते. तुम्ही उत्तर देत नाही. ते तुमच्या स्वभावाला धरूनच आहे म्हणा, अडचणीचा प्रश्न आला की तुम्हाला नेहमी चष्मा पुसायचा असायचा.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. कारखान्यात, दुपारच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधीच तुम्ही बाकावर कलंडलात, एवढं मला कळलं. पुढचे कागद तुमच्या कंपनीच्या माणसाने केले आणि तुम्ही विमानाने कुडाळच्या वाटेला लागलात. मी निरोपाला आले नाही. चार महिने आपलं बोलणं बंद होतं. बोलणं बंद असलेल्या माणसाच्या पेटीपुढे कोणता चेहरा करून उभं राहायचं ते मला कळेना, म्हणून मी त्या दिवशी रजासुद्धा घेतली नाही. हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड्सच्या काउंटरवर बसून लोकांच्या फाइली शोधत राहिले. याची मला लाज वाटते. पण काका, तुम्हाला लाज वाटायला हवी अशी गोष्ट माझ्या लाजेपेक्षा बरीच मोठी आहे.

आई अजून विचारते, "त्या सामंतांचा नि तुझा संबंध काय गं? ना नात्यातले, ना आपल्या गावचे." दहा वर्षांत मला तिला ते नीट सांगता आलेलं नाही. जुन्या काळात रमणाऱ्या लोकांचं आमचं एक मंडळ आहे, जगभर शाखा आहेत, अमिरातीतही आहे. हिवाळ्यात शनिवारी शारजाच्या बागेत आम्ही जमतो, लाकडी तलवारी खेळतो, जुन्या पद्धतीचं शिवतो, रांधतो. प्रत्येकाने स्वतःसाठी एक नाव घ्यायचं, आणि ते चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या किंवा त्याहून जुन्या एखाद्या माणसाचं खरोखर असू शकेल असं पाहिजे. नुसतं म्हणून चालत नाही, लेखी पुरावा द्यावा लागतो. मग ढालीवरचं चिन्ह. तेही दुसऱ्या कुणाचं नसलेलं. दोन्ही तपासून परदेशातल्या मुख्य समितीकडे पाठवणारा शाखेचा नोंदणीकार म्हणजे तुम्ही. एकदा नोंद झाली की ती कायमची, माणूस मेला तरी ते नाव त्याचंच राहतं. हे एवढं सांगितलं की आई म्हणते, "आणि यासाठी शुक्रवारची भाजी आणायला तुला वेळ नसतो."

मी सतरा वर्षांची असताना मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा बागेत आले. सगळे झूल घातल्यासारखे सजलेले, आणि त्यांच्यात एक माणूस साध्या पँट-शर्टात, खिशात दोन पेनं, घडीच्या टेबलामागे बसलेला. समोर रांग. तुम्ही एका धिप्पाड ब्रिटिश माणसाचा अर्ज परत करत होता. "दिस नेम, नाइन्टीन्थ सेंचुरी नॉव्हेल. नॉट मिडीव्हल. सॉरी." तो हुज्जत घालायला लागला तसं तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतलात आणि तो दमून निघून गेला. मग पाहुण्यांच्या वहीत माझं आडनाव वाचून तुम्ही मराठीत विचारलंत, "कुठली गं तू?"

मी म्हटलं, "शारजा, अंकल."

"ते राहायला. मूळची कुठली?"

"आय डोन्ट नो. बाबा सेज सातारा. बट वुई ओन्ली गो इन समर."

"काका म्हण. अंकल इथे दुकानदाराला म्हणतात," तुम्ही म्हणालात, आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवलात.

तुम्ही दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या पाट्यांच्या कारखान्यात फोरमन. तुम्ही आणि तुमची माणसं कापत असलेली अक्षरं साऱ्या दुबईच्या दुकानांवर चमकत होती आणि तुम्ही स्टाफच्या खोलीत तिघांबरोबर राहत होता. इतिहास शिकलेला नव्हता. कुडाळच्या वाचनालयातून, नंतर नेटवरून, यादवकाळातले शिलालेख नि ताम्रपट वाचायला स्वतः शिकलात. अक्षर हा तुमचा धंदा होता, त्यामुळे लिप्या तुम्हाला पटकन वश व्हायच्या. ढालींचंही तेच. "पाटी काय नि ढाल काय, शंभर पावलांवरून वाचता आली पाहिजे. गडद रंगावर गडद ठेवलंस की खलास." दर शनिवारी येता येता मी टेबलाच्या या बाजूची त्या बाजूला कधी आले मला कळलंच नाही. तुमचं इंग्रजी पाट्यांपुरतं, म्हणून पत्रं मी लिहायची, आणि तपासणं तुम्ही शिकवायचं.

काय शिकवलंत ते सांगू? दगडाचा ठसा कसा घ्यायचा. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, अर्धवट वाळला की वरून शाईची पुरचुंडी टिपायची, अक्षरं पांढरी उठतात. खरा लेख नि बनावट लेख कसा ओळखायचा तेही. "शेवटची ओळ बघ. पाथरवट मोजत नसतो, त्याची जागा संपते, मग शेवटची अक्षरं दाटीवाटीने कोंबतो. बनवणारा आमच्यासारखा, आधी पट्टी लावतो. त्याची शेवटची ओळ ऐसपैस असते." मी हे वहीत लिहून ठेवलं होतं. वही अजून आहे.

मला सोनाइसा हे नाव हवं होतं. आईचं नाव सोनाली, आणि त्या काळात बायकांच्या नावापुढे आइसा लागायचं हे तुमच्याकडूनच कळलेलं. मला वाटलं होतं, किती सोपं आहे. तुम्ही अर्ज वाचलात आणि परत दिलात. "असू शकतं. पण दिसलेलं नाही. दिसल्याशिवाय मी पाठवणार नाही." दोन वर्षं मी शोधलं. मिळाली ती सगळी राजांच्या राण्यांची नावं. साध्या बाईचं नाव दगडावर कोण कोरतंय?

आणि मग तो शनिवार. मला नुकतं लायसन्स मिळालं होतं, बाबांची गाडी घेऊन मी तुम्हाला खोलीवर सोडायला निघाले होते. शारजा ओलांडायच्या आधीच आपण अडकलो. पुढे लाल दिवे, मागे लाल दिवे, एसी धापा टाकतोय. बाबांचा व्हिसा त्या वर्षी नव्या कंपनीत लागत नव्हता, कदाचित सगळं आवरून भारतात जावं लागेल असं घरात चाललं होतं. मी गाडीतच रडायला लागले. म्हटलं, "काका, इथे जन्मले तरी मी इथली नाही. तिकडे गेले की कझिन्स म्हणतात, दुबईवाली आली. माझं काहीच कुठेच नोंदलेलं नाहीये. एक नाव मागतेय मी. एक नाव, तेसुद्धा तुम्ही देत नाही."

तुम्ही चष्मा पुसलात. "यल्ला, चल, पुढची गाडी हलली," म्हणालात. बाकी काही नाही. मला तुमचा एवढा राग आला होता की मी रेडिओ लावला.

दोन महिन्यांनी तुम्ही रजेवर गेलात आणि येताना नळकांडीत गुंडाळलेला ठसा घेऊन आलात. बागेतल्या टेबलावर उलगडलात, चार कोपऱ्यांवर चार खजुराचे डबे ठेवलेत. काळ्यावर पांढरी अक्षरं, तीन ओळी. कुडाळजवळच्या कुठल्याशा रानातल्या देवळात पायरीला लावलेला दगड, म्हणालात. मी अक्षर अक्षर लावत गेले. सोनाइसें देवा दीवेया तेल दिधलें. सोनाइसाने देवाला दिव्यासाठी तेल दिलं. बस, एवढंच. राणी नाही, कुणाची बायको नाही, कुणाची मुलगी नाही. एक बाई, आणि तिने दिलेलं तेल. शेवटचं 'दिधलें' दगडाच्या काठाशी कसंबसं कोंबलेलं. मी आनंदाने ओरडले, "शेवटची ओळ बघा काका, दाटी! खरा आहे!"

"खरा आहे," तुम्ही म्हणालात.

सोबतच्या फॉर्मवर तुम्ही सही केलीत: मूळ दगड मी स्वतः पाहिला आहे. पाच महिन्यांनी नाव मंजूर होऊन आलं. ढालीसाठी तुम्ही निळ्यावर पिवळी पणती काढून दिलीत, शंभर पावलांवरून दिसणारी. बाबांना मग नोकरी मिळाली, आम्हाला जावं लागलं नाही, पण त्या वर्षी मला खरं बळ दिलं ते त्या नावाने. मंडळात कुणी 'सोनाइसा' अशी हाक मारली की मी ताठ होत असे. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझं नाव दगडावर कोरून ठेवलं होतं आणि ते मला सापडलं होतं. माझा व्हिसा दर दोन वर्षांनी संपायचा. हे संपणार नव्हतं.

दर उन्हाळ्यात मी भारतात जायचे आणि तुम्हाला फोन करायचे, मला तो दगड बघायचाय. पहिल्या वर्षी पावसाने वाट बंद होती. दुसऱ्या वर्षी पुजारी मुंबईला गेला होता. तिसऱ्या वर्षी तुम्ही सांगितलंत, देवळाचा जीर्णोद्धार झाला, पायरी फरशीखाली गेली. त्या दिवशी मी साताऱ्याच्या घरी गच्चीवर जाऊन रडले, काका. त्या दगडासाठी रडले. तुम्ही फोनवर माझी समजूत घातलीत. "ठसा आहे ना आपल्याकडे," म्हणालात. कसं जमलं तुम्हाला?

आता मारिसेल. तुम्हाला तो विषय आवडायचा नाही, पण आता तुम्हाला उठून जाता येणार नाही, ऐका.

तीन वर्षांपूर्वी आली. दुबईत, देइरातल्या सलूनमध्ये काम करायची, शनिवारी अर्धी सुट्टी मागून बागेत यायची, आमच्या सगळ्यांचे फाटके झगे शिवून द्यायची. तिला तिच्या बेटावरचं, स्पॅनिश लोक यायच्या आधीचं नाव हवं होतं. ढालीसाठी तिने आईने विणलेल्या कापडाचा तुकडा आणला होता. तुम्ही तो तुकडा हातात घेऊन छान आहे म्हणालात आणि मग विचारलंत, "पेपर? एनी पेपर?"

"नो पेपर, सर. माय ग्रँडमदर्स ग्रँडमदर हॅड दिस नेम. नोबडी रोट अस डाउन."

"देन आय कॅनॉट."

"सर, प्लीज. हू विल राइट? वुई वेअर नॉट किंग्ज."

तुम्ही चष्मा काढलात. नकाराचं पत्र मला लिहायला सांगितलंत. मी लिहिलं. चांगलं, कडक इंग्रजी, एकही भावुक शब्द नाही. मला त्या पत्राचा अभिमानसुद्धा वाटला होता. खाली सही केली, सोनाइसा, नोंदणी सहायक. मारिसेलने ते टेबलाशीच उभं राहून वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं, त्या दिवशी शिवायला घेतलेला झगा पूर्ण करून दिला आणि पुन्हा आली नाही. त्यावर आपण दोघं एकदाही बोललो नाही. तुम्ही मला सही करू दिलीत, काका. त्या नावाने. तुम्ही बाजूला बसून बघत होतात.

मला ते पत्र आत कुठेतरी टोचत राहिलं असावं, कारण या उन्हाळ्यात मी समितीला लिहायला घेतलं की ज्या लोकांचं काही लिहिलंच गेलं नाही, त्यांच्या घरातली तोंडी साक्ष पुरावा म्हणून धरा. तुमची सही हवी होती. अल ऐनहून फोन केला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि नाही म्हणालात.

"पण का?"

"एकदा सैल सोडलंस की कुणीही येऊन काहीही सांगेल. मग खरं-खोटं कोण बघणार? तू?"

"हो, मी. माणसावर विश्वास ठेवायचा असतो कधीतरी, काका."

"माणसावर नाही. माणूस प्रेमापोटी वाटेल ते सांगतो. दगड खोटं बोलत नाही."

"मग तुम्ही दगडच आहात," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर तुमचे दोन फोन येऊन गेले. पहिला आला तेव्हा मी खरंच कामात होते. दुसरा आला तेव्हा मी सोफ्यावर पडून तुमचं नाव स्क्रीनवर चमकताना बघत होते. 'बिझी, काका. नंतर' असा मेसेज टाकला. तुम्ही 'ओके बेटा' लिहिलंत. तुम्ही मला मराठीत कधी बेटा म्हणाला नाहीत, ते तुमचं फोनवरचं हिंदी. आता रोज विचार करते, ते दोन फोन कशासाठी होते? सांगणार होतात का? की नुसतंच, जेवलीस का, अल ऐनला थंडी पडली का? मला खरंच माहीत नाही. आणि तुमच्याच नियमाने, जे माहीत नाही ते मी धरणार नाही.

तुम्ही गेलात आणि तुमची जागा मंडळाने मला दिली. कागद ताब्यात घ्यायला तुमच्या खोलीवर गेले. दहा वर्षांत मी तुम्हाला खाली गेटपाशी कितीदा सोडलं, पण वर कधी आले नव्हते. चार खाटा, त्यातली एक उघडी. दिगंबरने चहा केला. देवगडचा तुमचा दिगंबर, काचकामावर जाणारा, तुम्ही ज्याच्या घोरण्याची नक्कल करायचात तो. फाइली तुम्ही वर्षवार लावून ठेवल्या होत्या, दोऱ्या बांधून. मी त्या पिशवीत भरत होते आणि तो तांदूळ काढायला डब्याकडे गेला. झाकण उचलून त्याने माझ्या पायाशी उलटं ठेवलं.

आधी मला वाटलं, पाटीचा टाकाऊ तुकडा. पांढरं पीव्हीसी, तुमच्या कारखान्यात पाट्यांना लागतं ते, बोटभर जाड. पण वर सगळीकडे गोंदात वाळू फासून खडबडीत केलं होतं. आणि वाळूतून तीन ओळी कोरलेल्या. दहा वर्षांत मी एवढं तर शिकले होते की अक्षरं उलटी ठेवली तरी वाचता येतात. सोनाइसें देवा दीवेया तेल दिधलें.

मी ते हातातून खाली ठेवेना, तसा दिगंबर म्हणाला, "ताई, ह्यां झाकण कित्याक व्हयां तुमका? काकांनीच दिलेलां. सात-आठ वर्षां झाली. मुंगी आत जाणा नाय."

"मी नेते हे," मी म्हटलं.

"न्हेवा. पण माका दुसरां झाकण व्हयां."

घरी येऊन मी ते दिव्याखाली धरलं. शेवटच्या ओळीत 'दिधलें' काठाशी कोंबलेलं, जसं ठशात होतं तसंच. आणि त्याच्या बाजूला, जिथे वाळू उडाली होती तिथे, पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा. एका अंतराने मारलेल्या. तुम्ही दाटीसुद्धा पट्टी लावून केली होती. मला शिकवलेली एकमेव खूण तुम्ही माझ्यासाठीच मोजून मापून कोरलीत, आणि मी टाळ्या पिटल्या.

रागाने मला काही सुचेना. आणि त्या रागातच, काका, मला हसूही आलं, कारण ते झाकण तुम्ही टाकून दिलं नव्हतंत. एवढा पुराव्याचा माणूस, पुरावा जाळायचा की नाही? कारखान्यातल्या कचऱ्यात फेकला असता तर मला कधीच कळलं नसतं. पण ते चांगलं पीव्हीसी, ते डब्यावर बरोबर बसलं, तुम्हाला टाकवलं नसणार. कोकणातला माणूस कामाची वस्तू टाकत नाही. म्हणून मी पकडलं तुम्हाला.

नऊ दिवस मी तुमची बाजू लढवून बघितली. तुम्हाला माझी कीव आली. नोंदणीच्या पंधरा वर्षांत तुम्ही एकदाच वाकलात. तुमची मुलगी कुडाळला तुमच्याशिवाय वाढली आणि गाडीत रडणाऱ्या माझ्यात तुम्हाला ती दिसली असेल. हे सगळं मी तुमच्या वतीने बोलले आणि प्रत्येक वेळी मारिसेल समोर येऊन उभी राहिली, पर्समध्ये पत्राची घडी घालणारी. तिच्यासाठी का नाही कोरलंत? ती तुमच्या भाषेत रडली नाही म्हणून? तुम्ही मला नाव दिलंत असं मला वाटत होतं. खरं तर तुम्ही माझ्याकडून दुसऱ्या कुणाला 'नाही' म्हणायचा हक्क काढून घेतलात, आणि ते मला सांगितलंसुद्धा नाहीत. मी ज्यांना ज्यांना पुरावा मागितला, त्यांच्यापुढे मी आता काय आहे?

नाव गुपचूप सोडून द्यायची सोय आहे, तुम्हाला माहीत आहे. कारण द्यावं लागत नाही. मी तो फॉर्म भरलाही होता. तुमचं नाव राहिलं असतं, माझं गेलं असतं, आणि लोक म्हणाले असते बाई जरा लहरी आहे. पण पाठवायच्या आधी सवयीने नोंदी तपासल्या. आपला दगड समितीने पुराव्यांच्या यादीत घातलाय. त्याच्या आधारावर आणखी दोन मुलींनी सोनाइसाला गावाचं नाव जोडून आपापली नावं घेतली आहेत, एक टोरोंटोत, एक सिंगापुरात. दोघी मराठी घरातल्या. त्यांनाही कुठेतरी गाडीत रडू आलं असेल. त्या दोघींची नावं तुमच्या तांदळाच्या झाकणावर उभी आहेत. मी गप्प बसले तर आणखी उभी राहतील.

म्हणजे आक्षेप नोंदवणं आलं. खरं कारण लिहून. मग माझं नाव जाईल, त्या दोघींचं जाईल, आणि समिती तुम्ही तपासून पाठवलेलं एकेक नाव पुन्हा काढून तपासेल. तो ब्रिटिश मनात हसेल. तुमच्या शब्दावर बागेत कुणी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही आता, आणि ते करणारी मी असेन, जिला तुम्ही लिपी शिकवलीत, ठसा शिकवलात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मेलेल्या माणसाची अब्रू काढून तुला काय मिळणार आहे?" मी म्हटलं, "काही नाही. होतं तेही जाणार आहे." तिने नुसता माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मारिसेलचा नंबर जुनाच निघाला. मी फोन करून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "ही मेड अ स्टोन फॉर यू?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "लकी गर्ल," आणि तिच्याकडे गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. तिने माफ केलं की नाही मला कळलं नाही. मीही तुम्हाला माफ केलेलं नाही, तेव्हा माझी तक्रार नाही.

तुमची आठवण येते. हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरीने एकच बाजू मांडली. शनिवारी घडीचं टेबल उघडताना त्याचा एक पाय अडकतो तो कसा सोडवायचा ते फक्त तुम्हाला माहीत होतं. या शनिवारी तो सोडवता सोडवता माझं बोट चेमटलं आणि मी सगळ्यांसमोर रडले. त्यांना वाटलं बोटासाठी.

एक गोष्ट मात्र मला छळते. तुम्ही मला कुडाळचा दगड म्हणून जो दाखवलात तो पाट्यांच्या कारखान्यात कापलेला होता आणि त्यावरची वाळू इथलीच, कुंपणाबाहेरून ओंजळभर आणलेली. मला कुठली तरी व्हायचं होतं. तुम्ही मला तिकडची करायला गेलात आणि निघालं ते पुरतं इथलं. हे तुम्ही मला तेव्हाच सांगितलं असतंत, की बेटा, पुरावा नाही, पण मी तुझ्यासाठी हे कोरलंय, घे, तर मी ते भिंतीवर लावलं असतं. नोंद नसती झाली. नाव माझंच राहिलं असतं.

आज दुपारी आक्षेप पाठवला. वर्षातून एकदा बागेत मंडळातल्या वारलेल्या माणसांची नावं वाचतात, नोंदवलेली तेवढीच. तुमचं त्यात येणार नाही, कारण तुम्ही स्वतःसाठी कधी अर्ज केलाच नाहीत. विचारलं की म्हणायचात, आहे ते पुरे आहे. पत्रांवरही नुसतं 'नोंदणीकार'. पंधरा वर्षांच्या कागदांत मी शोधलं, तुमचं पूर्ण नाव एकदाही नाही.

फॉर्म तुम्ही शिकवलात तसाच भरला. वस्तूचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. काळ: अलीकडचा. सापडल्याचं ठिकाण: दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, कामगारांची खोली, तांदळाच्या डब्यावर. मूळ कुणी पाहिलं, तिथे माझं पासपोर्टवरचं नाव घातलं. शेवटचा रकाना असतो, कोरणाऱ्याचं नाव माहीत असल्यास. तो मी आजवर कुणालाही भरताना पाहिलेला नाही, पाथरवटाचं नाव कुणाला माहीत असतं? मी लिहिलं, मोरेश्वर भिकाजी सामंत, राहणार कुडाळ. नोंद कायमची आहे, काका. पुराव्यासकट.